अकरा वेळा पाहिलेला धडा

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं पुस्तकबाई म्हणतात, आणि मुलांचं ऐकून आम्ही शिक्षकही तेच म्हणायला लागलो. तेहतीस वर्षांपूर्वी त्या तीन महिन्यांच्या बदलीवर आल्या होत्या. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि या इथून हलल्या नाहीत.

ग्रंथालय म्हणजे तळमजल्यावरची शेवटची खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं. हवा दमट असली की अजूनही रबरी चेंडूंचा वास येतो. बाईंनी आल्या आल्या सुताराला बोलावून सगळी उंच कपाटं मधोमध कापून घेतली होती. "मुलाचा हात जिथं पोचत नाही तिथं ठेवलेलं पुस्तक हे पुस्तकच नव्हे," असं त्यांनी तेव्हाच्या मुख्याध्यापकांना सुनावलं होतं म्हणे. टेबलावर कात्री, चिकटपट्टी, डिंकाची बाटली आणि कापडाच्या पट्ट्या कायम तयार. बोलता बोलता त्यांचे हात एखाद्या पुस्तकाचा मोडलेला कणा बांधत असतात.

बाई बुटक्या, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडून हाक ऐकू यावी. त्याचं कारण घरी आहे. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात आणि त्यांना जरा कमी ऐकू येतं. शाळेचं मोठं घड्याळ मागं पडलं की तेच येऊन लावून जातात, म्हणून मुलांनी त्यांचं नाव घड्याळकाका ठेवलंय.

मी त्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवते. बाईंच्या आयुष्यात मी शिरले ती पालकांसाठीच्या एका ऑनलाइन कोर्सच्या निमित्तानं.

सुट्टी संपून शाळा उघडली की पहिले आठ दिवस बाई दुसरं काही करत नाहीत. दुसरी-तिसरीतल्या एकेका मुलाला शेजारी बसवतात, एक पान वाचायला लावतात आणि ऐकतात. दरवर्षी तोच प्रकार. सुट्टीआधी धावत वाचणारी मुलं सुट्टीनंतर लंगडत यायची. बाई दरवर्षी सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रत्येक दप्तरात एक चिठ्ठी घालायच्या: "मुलांना रोज थोडं वाचायला बसवा." सुट्टीनंतर त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या दप्तराच्या तळाशी, पेन्सिलीच्या सालींत सापडायच्या.

दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कसल्याशा बैठकीला जाऊन आल्या आणि शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "या सुट्टीत पालकांसाठी ऑनलाइन कोर्स करायचा. मुलांच्या वाचनात त्यांना सामील करून घ्यायचं. पुस्तकबाई, तुम्ही शिकवा. मशीनचं ही बघेल." ही म्हणजे मी.

बाई दुपारी माझ्याकडं आल्या. "कोर्स म्हणजे करायचं काय असतं गं?"

"धडे करायचे, व्हिडिओ काढायचे, प्रत्येक धड्याखाली एक काम द्यायचं. पालक आपापल्या फोनवर बघतात."

"आणि मी कुठं असते?"

"तुम्ही फोनमध्ये."

"म्हणजे कंटाळा आला की ते मला बंद करू शकतात?"

"हो."

"वर्गात निदान दार तरी लावून घेता येतं," असं म्हणत बाई गेल्या. पण दुसऱ्या दिवशी जाडजूड वही घेऊन हजर झाल्या. रात्रीत म्हणा, एकतीस वर्षांत म्हणा, त्यांनी सगळं मनात जमवून ठेवलेलं होतं.

आम्ही आठ धडे केले. प्रत्येक पंचवीस मिनिटांचा, असं ठरवलं होतं. पुस्तक कसं निवडावं, वाचनाची वेळ कशी ठरवावी, उच्चार, शब्दसंग्रह, सगळं आलं. मीही माझं शहाणपण पाजळलं. प्रत्येक धड्याच्या आधी उद्दिष्टं, शेवटी पाच प्रश्न, उत्तरं टाइप करून पाठवायची. फोन स्टँडवर लावला की बाई एकदम ताठ व्हायच्या आणि समोर तपासणीला साहेब बसलाय अशा नजरेनं त्या काचेकडं बघायच्या. घड्याळकाका आमचे पहिले प्रेक्षक. दुसऱ्या धड्याला ते खुर्चीत घोरायला लागले. जागे झाले आणि मनापासून म्हणाले, "आवाज अगदी स्वच्छ आलाय हो!"

तिसऱ्या धड्याच्या दिवशी बाईंचा घसा बसला. बोलवेना. सुट्टी तर तोंडावर आलेली. तेव्हा त्यांनी एक चित्रांचं पुस्तक टेबलावर उघडलं, मी फोन वरून लावला, आणि त्यांनी दबक्या आवाजात, सावकाश, शब्दाशब्दाखाली बोट फिरवत ते वाचून टाकलं. नवं घर शोधत फिरणाऱ्या एका बदकाची साधी गोष्ट. सहा मिनिटांत संपलं. "हा भरतीचा धडा," त्या खरखरत म्हणाल्या. "घसा सुटला की नीट करू." ते राहून गेलं.

एकशेचाळीस घरांनी नावं नोंदवली. पहिला धडा एकशेसव्वीस जणांनी उघडला, दुसरा बावन्न जणांनी, चौथा सतरा. आठवा धडा शेवटपर्यंत पाहणारे चार. त्यातले एक घड्याळकाका होते आणि एक मी.

सुट्टी सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. मी बाईंना आकडे दाखवले. समोरचं पुस्तक पुढं ओढून त्याला पट्टी लावत बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लोकांना मुलांची काळजी नसते असं नाही गं. माझंच बोलणं कुणाला नको असेल."

मी उगाच यादी वरखाली करत बसले. तेवढ्यात मला ते दिसलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, "टिटवीची आई". पहिला धडा अर्धा पाहिलेला, दुसरा दोन मिनिटं, एकाही प्रश्नाचं उत्तर पाठवलेलं नाही. आणि तिसरा धडा अकरा वेळा.

टिटवी दुसरीतली. खरं नाव हजेरीपटात, बाकी सगळीकडं टिटवीच, कारण तिनं कुणाच्या कानात सांगितलेलं शेजारच्या वर्गात ऐकू जातं.

"अकरा वेळा?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "मशीन बिघडलंय का?"

"नाही. अकराही वेळा पूर्ण पाहिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आकडा चौदा झाला.

"मला त्या बाईंना भेटायचंय," बाई म्हणाल्या. फोन करू का विचारलं तर म्हणाल्या, "फोनवर माणूस नुसतं हो हो करतं. तोंड दिसलं पाहिजे."

टिटवीची आई मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. आम्ही तिच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी पोचलो. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला लांबलचक शेड, आत वाफच वाफ. माणूसभर उंचीची धुलाईची यंत्रं घरघरत होती. इस्त्रीच्या रुळांतून चादरी बाहेर येत होत्या आणि दोघी जणी त्या झेलून चार हालचालींत घडी घालत होत्या, एकमेकींकडं न बघता. त्यातली उंच बाई म्हणजे टिटवीची आई. आम्हाला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"टिटवीनं काही केलं का?"

"तिनं नाही. मीच काहीतरी केलंय," बाई म्हणाल्या. "पण काय केलंय ते मला कळेना. म्हणून आले."

मागच्या अंगणात चादरींच्या रिकाम्या ट्रॉल्या लावून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या आडोशाला एक बाक होतं, तिथं आम्ही बसलो. टिटवीच्या आईची बोटं पाण्यानं सुरकुतलेली होती. ती त्यांच्याकडंच बघत होती.

"तुम्ही तिसरा धडा बघता," बाई म्हणाल्या.

"तो... चुकून लागतो."

"बाकीचे सात मी जीव ओतून केले. ते कुणी बघेना. हा एक घसा बसला म्हणून उरकून टाकला. त्यात असं काय आहे? मी तपासायला आलेली नाही हो, खरंच विचारतेय."

तिनं बोटं एकमेकांत गुंतवली. मग म्हणाली, "त्यात तुम्ही बोलत नाही."

आधी बाईच खोखो हसल्या. तीही हसली, आणि त्या हसण्यातच तिचा आवाज जरा सैल झाला.

"म्हणजे तसं नाही. त्यात बोट आहे."

"बोट?"

"तुमचं बोट. ते जिथं असतं तोच शब्द तुम्ही म्हणता. मग मला कळतं, की हा शब्द म्हणजे तो."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन क्षण लागले. बाईंना लगेच कळलं होतं. आणि तरी, 'तुम्हाला वाचता येत नाही का?' हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत आलंय?"

टिटवीच्या आईनं पहिल्यांदा मान वर केली. "चौथ्या पानापर्यंत. बदक बादलीत शिरतं तिथपर्यंत. 'घर' येतं मला आता. पण तिथं बदक म्हणतं ना, कडी धर, तर तेही मी घरच वाचते. कडी घर."

"घ आणि ध! अगदी बदमाश जोडी आहे ती. पहिलीतली निम्मी मुलं तिथंच आपटतात."

"मुलं आपटली तर चालतं हो," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं आलं. लहानपणी वडिलांच्या कामामागं तीन गावं झाली. प्रत्येक गावात शाळा नव्यानं सुरू व्हायची, आणि तिसऱ्या गावात धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून ती सुटलीच. लॉन्ड्रीत तिचं काही अडत नव्हतं. प्रत्येक वॉर्डच्या चादरीला वेगळ्या रंगाची शिलाई असते. कोर्समध्ये नाव शेजारणीनं भरून दिलं होतं. संध्याकाळी टिटवीला मांडीशी घेऊन ती टिटवीनं ग्रंथालयातून आणलेलं ते बदकाचं पुस्तक उघडायची आणि पाठ केलेली गोष्ट वाचल्यासारखी म्हणायची.

"तिला माहीत नाही," ती म्हणाली. "तिला सांगू नका. तिला कळलं की सगळ्या गावाला कळेल."

आतून कुणीतरी हाक मारली. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत फिरली. "बाई, तो धडा काढून टाकू नका."

परत येताना बाई चालतच राहिल्या. आमचा बसस्टॉप मागं पडला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर त्या एका दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी काय पाठवत होते? चिठ्ठ्या! मुलांना वाचायला बसवा, अशा चिठ्ठ्या. ज्यांना ती चिठ्ठीच..." त्यांचा तो मैदानापार जाणारा आवाज कुठल्या कुठं गेला होता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दुकानदारानं आम्हाला उठवलं नाही, उलट न मागता पाण्याचा ग्लास आणून दिला.

सुट्टीतही आठवड्यातून दोन सकाळी ग्रंथालय उघडं असायचं. त्या आठवड्यात टिटवी आली. पुस्तक बदलायचं निमित्त होतं. टेबलाला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या आईला भेटलात ना?"

"हो. मला काही विचारायचं होतं."

टिटवीनं दाराकडं बघितलं आणि आवाज जमेल तितका खाली आणला. "ती पान चुकीच्या ठिकाणी उलटते."

बाईंचे हात थांबले.

"गोष्ट अजून इकडच्या पानावरची चालू असते आणि ती तिकडं उलटते. मग मी पटकन चित्र बघून घेते."

"तू सांगत नाहीस तिला?"

"सांगितलं तर ती वाचायची थांबेल ना!" टिटवी म्हणाली, जणू एवढी साधी गोष्ट बाईंना कळू नये म्हणजे कमालच.

"आणि हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

त्या पोरीच्या पोटात आजवर राहिलेली ती बहुधा एकुलती एक गोष्ट असेल. बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं कितीतरी वेळ पुसला.

त्याच दुपारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सगळं काढून टाक."

"आठही?"

"तिसरा ठेव."

सुट्टीचे पाच आठवडे उरले होते. बाईंनी वही बाजूला सारली आणि आम्ही मुळापासून सुरुवात केली. एकही धडा चार मिनिटांच्या वर नाही. लिहून काही पाठवायचं नाही, बोलून पाठवायचं. सूचना वाचायची गरज नाही, चित्रावर बोट ठेवलं की बाईंचा आवाज ऐकू येतो. पहिल्याच धड्यात बाई म्हणतात, "तुम्ही वाचू नका. तुम्ही ऐका. हातातलं काम करत ऐका. मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, मला ऐकव. तुमच्या कानाएवढी दुसरी कशाची गरज नाही." यावेळी त्या काचेकडं न बघता स्टँडच्या मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून बोलल्या, आणि त्यामुळं सगळा फरक पडला. शिवाय बोटाचे धडे बारा. बारा पुस्तकं, टेबलावर उघडी, शब्दाखाली सरकणारं बाईंचं बोट आणि सावकाश आवाज. ते मुलांसाठी आहेत की मोठ्यांसाठी, हे कुठंच सांगितलेलं नाही.

मोठ्या बाईंना हे सहजासहजी पटलं नाही. "निदान कुणी किती धडे केले त्याची नावानिशी यादी तरी हवी. जे करत नाहीत त्यांना फोन करता येईल."

"यादी नको," पुस्तकबाई म्हणाल्या.

"का?"

"कुणी काय बघितलं, किती वेळा बघितलं, हे कुणालाच दिसता कामा नये. मलासुद्धा. काही पालक आपलंच वाचन चाचपत असतील. त्यांना कुणी बघतंय असं वाटलं तर ते पळून जातील."

मोठ्या बाईंनी विचारलं, "असे किती असतील आपल्याकडं?"

"मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. नुसते आकडे द्या." नावं झाकायचं काम मी त्याच दिवशी केलं. खरं सांगते, त्यात माझाही स्वार्थ होता. इतका सगळा कोर्स मी उभा केला, पण माझ्या आठ वर्षांच्या लेकीबरोबर त्यातलं एकही काम मी केलं नव्हतं.

एक धडा मात्र काही केल्या जमेना. मूल शब्दाला अडलं की पालकानं काय करायचं? बाईंनी तो तीनदा बोलून पाहिला, तिन्ही वेळा भाषण झालं. शेवटी आम्ही पुन्हा लॉन्ड्रीच्या मागच्या बाकावर गेलो.

"टिटवी स्वतः वाचते तेव्हा अडली की तुम्ही काय करता?" बाईंनी विचारलं.

"मी काय करणार? मला तो शब्द येत नसतो. गप्प बसते. ती माझ्याकडं बघते, मी चित्राकडं बघते. मग ती पण चित्राकडं बघते. आणि मग तीच काढते शोधून."

बाई उभ्याच राहिल्या. "लिहून घे!" त्या माझ्यावर ओरडल्या, असं की आतल्या दोन बायका बाहेर डोकावल्या. मग टिटवीच्या आईकडं वळून म्हणाल्या, "मी आयुष्यभर अडलेला शब्द लगेच सांगून टाकला. मदत म्हणून. हा धडा तुमचा आहे. तुम्हीच सांगायचा."

तिनं आधी साफ नाही म्हटलं. मग म्हणाली तोंड दाखवणार नाही. मग नुसते हात आणि आवाज असं ठरलं. दोन दिवसांनी ती ग्रंथालयात आली, मांडीवर पुस्तक घेतलं आणि बोलायला लागली. पहिल्या वेळी छान झालं, मी थांबवलं. ती म्हणाली, "परत घ्या." दुसऱ्या वेळी ती असं म्हणाली, "मला वाचता येत नाही. शिकतेय. म्हणून माझी मुलगी अडली की मी गप्प बसते. तुम्हाला वाचता येत असेल तर तुम्हाला गप्प बसायला जास्त जड जाईल. पण बसा."

मी फोन बंद केला.

"हाच ठेवा," ती म्हणाली. "पण दोन दिवस थांबा. आवाज ऐकला की टिटवी ओळखेल. तिला मी आधी सांगते."

दोन दिवसांनी ती कामावरून परस्पर ग्रंथालयात आली. बाईंनी खुर्ची पुढं केली, पण ती उभीच राहिली.

"सांगितलं. मला म्हणते, माहीत होतं. तू पानं लवकर उलटतेस." ती हसत होती आणि डोळे भरत होते. "म्हणते, आता घाई करू नकोस, म्हणजे मला चित्रं नीट बघता येतील. मी रडले. ती नाही रडली. तिला भूक लागली होती."

बाईंनी तिचा तो सुरकुतलेला हात दोन्ही हातांत धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मी कपाटामागं जाऊन पुस्तकं लावायचं सोंग केलं.

त्या धड्याचं नाव ठेवलं 'गप्प कसं बसायचं'. सर्वांत जास्त पाहिला गेलेला धडा तोच ठरला. एकोणनव्वद घरांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मी स्वतः घरी करून पाहिला. लेक एका शब्दाला अडली, मी ओठ घट्ट मिटून बसले. सात सेकंदांत ती म्हणाली, "आई, तू माझ्यावर रागावलीयेस का?" तिसऱ्या दिवशी तिला सवय झाली. मला अजून होतेय.

पालकांचे आवाज यायला लागले. कुणाच्या मागं नळ वाहत होता, कुणाचं बाळ रडत होतं. एका आजोबांनी नातवाचं वाचन पाठवलं आणि शेवटी स्वतःच विचारलं, "त्या उंटाचं पुढं काय झालं? पोरगं सांगत नाही." बाई हे सगळं घरी दुपारी घड्याळकाकांबरोबर ऐकायच्या, काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. काका दुरुस्तीचं भिंग डोळ्यावरून काढून ठेवायचे आणि मन लावून ऐकायचे. त्यांच्या शेजाऱ्यांना आमच्या शाळेतल्या मुलांची प्रगती आमच्याआधी कळायची.

शाळा उघडली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाईंनी ऐकलेल्या त्रेसष्ट मुलांपैकी बरीचशी जिथं होती तिथंच टिकून होती, थोडी पुढं गेली होती, आणि अकरा मुलं नेहमीसारखीच लंगडत आली. त्या अकरांची नावं बाईंना अजून पाठ आहेत. पण त्या पहिल्या महिन्यात एकेक करून तीन पालक ग्रंथालयाच्या दारात उभे राहिले. एक जण म्हणाला पुस्तक परत द्यायला आलोय, आणि हातात पुस्तक नव्हतं. बाईंनी त्याला आत घेतलं. तेव्हापासून शनिवारी सकाळी दोन तास ग्रंथालय मोठ्यांसाठी उघडं असतं. दारावर पाटी नाही. ज्यांना यायचंय त्यांना माहीत आहे.

टिटवीच्या आईला दीड वर्ष लागलं. मधे लॉन्ड्रीतल्या कामाच्या वेळा बदलल्या तेव्हा तीन महिने ती येऊच शकली नाही, आणि परत आली तेव्हा घ आणि ध पुन्हा एक झाले होते. ती रागानं पुस्तक मिटून बसली. त्या दिवशी बाईंनी तिला वाचायला लावलं नाही. दोघींनी मिळून फाटलेल्या पुस्तकांना पट्ट्या लावल्या. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. आता ती सावकाश वाचते, शब्दाखाली बोट ठेवून. मोठं वाक्य आलं की श्वास घ्यायला थांबते. टिटवी चौथीत गेलीय आणि हल्ली आईला सोडून एकटीच वाचते, दार लावून. ते आईला थोडं लागलंय, असं बाई म्हणतात.

या वर्षीच्या सुट्टीसाठी आम्ही नवे धडे करतोय. कुठलाही धडा पालकांना पाठवण्याआधी टिटवीची आई आणि आणखी दोन पालक तो बघतात, असा आता नियम आहे. बाईंनीच केलेला. परवा बाईंनी एका समुद्राच्या पुस्तकाचा धडा केला. त्यांना तो फार आवडला होता. शनिवारी तो लावला. टिटवीची आई हाताची घडी घालून बघत होती. संपला.

"बाई, लांबलाय."

"कुठं लांबलाय?"

"पुस्तक उघडायच्या आधी तुम्ही त्याचं इतकं कौतुक करता! आम्ही कामं टाकून बसलेलो असतो. उघडा ना सरळ."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "सुरुवातीचं एक मिनिट काप गं."

"दोन," टिटवीची आई म्हणाली.

बाईंनी चष्म्याच्या वरून तिच्याकडं पाहिलं, आणि मग त्यांना हसू आवरेना. मी दोन मिनिटं कापली.